सीआरपी नॉर्मल, मग रक्त कशानं पडतंय?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे अल्सरेटिव्ह कोलायटिसवरची इतकी पत्रं जमलीयत की या वेळी दुसरा विषयच घ्यायचा नाही असं ठरवलं. ज्यांना हा आजार माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच, की मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, जखमा होतात, सुरुवात गुदाशयापासून होते आणि तिथून वर चढत जाते, काही महिने शांत आणि मग पुन्हा उचल खाणं हा त्याचा स्वभाव. सीआरपी आणि ईएसआर या शरीरात कुठं सूज आहे का ते दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, सिंधुदुर्गात लॅब चालवते. औषधं मी देत नाही, पण तुमचं रक्त माझ्या हाताखालून जातं त्यामुळे उत्तरं त्या बाजूनं देतेय, गोळ्यांमधला बदल तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करायचा.

प्रश्न : मॅडम, माझं वय ३४, प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. तीन वर्षांपूर्वी डाव्या बाजूचा कोलायटिस निघाला, मेसालामाइन (आतड्याची सूज उतरवणारं औषध) चालू आहे, मधली दोन वर्षं एकदम छान गेली. यंदा शाळा सुरू झाल्यापासून मात्र दिवसातून चार-पाच वेळा जावं लागतं, आव पडते, रक्तही दिसतं, शिकवता शिकवता वर्ग सोडून पळायची वेळ येते. रक्त तपासलं तर सीआरपी ३.२ आणि ईएसआर १८. ज्यांना दाखवलं ते म्हणाले रिपोर्ट नॉर्मल आहेत, मूळव्याध असेल, आणि मलम दिलं. घरचे म्हणतात टेन्शन घेतेस म्हणून होतं. कोलोनोस्कोपी (आतड्यात दुर्बीण घालून तपासणी) परत करायची तर कोल्हापूर नाहीतर गोव्यातलं बांबोळी, म्हणजे रजा, गाडी, आणि आदल्या दिवशीचं ते पोट साफ करायचं औषध. मी रिपोर्टवर विश्वास ठेवू की माझ्या पोटावर?
— एक वाचक, मालवण तालुका

उत्तर : ताई, पोटावर. रिपोर्ट खोटा नाहीये, पण सीआरपी आतड्यात बनतच नाही, ते बनतं यकृतात. शरीरात कुठंही सूज आली की तिथल्या पेशी इंटरल्युकिन-६ नावाचा निरोप रक्तातून यकृताला धाडतात आणि मग यकृत सीआरपी सोडायला लागतं. क्रोन्स या आतड्याच्या दुसऱ्या आजारात सूज आतड्याच्या भिंतीतून आरपार जाते म्हणून निरोपही मोठा जातो. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये ती बहुतेक वेळा सगळ्यात आतल्या अस्तरातच राहते. आपल्याकडे पावसात जांभ्याची घरं बघा, ओल नुसती आतल्या गिलाव्याला धरली तर खोलीत बसलेल्याला पोपडे दिसतात पण अंगणातून घर ठणठणीत वाटतं. तुमचं तसं झालंय, आणि तेही डाव्या बाजूपुरतं, म्हणजे यकृताला खबर लागावी एवढा तो भाग मोठाच नाही. शिवाय काही माणसांचं सीआरपी मुळातच फारसं वाढत नाही, जीनमधला फरक असतो, त्यांचं आतडं चांगलं सोललेलं असलं तरी आकडा पाचाच्या आत राहतो.

म्हणून आज घरी गेल्यावर तीन वर्षांपूर्वीची फाइल काढा. पहिली कोलोनोस्कोपी झाली तेव्हा, म्हणजे आजार ऐन भरात असताना, सीआरपी किती होतं ते बघा. तेव्हा ४० असेल तर तुमच्या बाबतीत सीआरपी बोलतं, आणि आजचं ३.२ थोडा दिलासा देणारं आहे. पण तेव्हाही, आत जखमा डोळ्यांनी दिसत असताना, ते ४ असेल तर तुमच्यासाठी सीआरपी मुकं आहे, ते दर महिन्याला करून काहीच कळणार नाही. हा एवढा एक प्रश्न प्रत्येक कोलायटिसवाल्यानं आपल्या जुन्या कागदांना विचारायला हवा असं मला फार वाटतं, कारण लोक छापील नॉर्मल रेंजशी आपला आकडा ताडून बघतात आणि स्वतःच्याच मागच्या आकड्याशी ताडायचं राहून जातं. माझ्याकडे एक काका येतात, त्यांनी शंभर पानी वहीत रकाने आखलेत, तारीख, किती वेळा गेलो, रक्त होतं की नाही, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, सीआरपी, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन), आणि शेवटच्या रकान्यात त्या महिन्यात काय झालं ते, म्हणजे "गणपतीत जागरण" किंवा "गुडघ्यासाठी पेनकिलर पाच दिवस". ती वही उघडली की दोन मिनिटांत कळतं, यांचे प्लेटलेट आधी चढतात आणि सीआरपी मागून येतं. कुठल्याच मशीनमधून हे बाहेर पडत नाही हो.

वही करणार असाल तर आकड्यापुढं एकक लिहायला विसरू नका. माझ्याच लॅबमधली गोष्ट आहे, मशीन बदललं तेव्हा सीआरपीचं एकक मिलिग्रॅम पर डेसिलिटरवरून मिलिग्रॅम पर लिटर झालं, दहापटीचा फरक, आणि एका मुलीचा रिपोर्ट ०.८ वरून एकदम ८ झालेला बघून तिचे आईवडील रात्री नऊ वाजता देवगडहून रिक्षा करून आले. प्रमाण तेच होतं, नुसतं वेगळ्या मापात. मी त्यांना आधी सांगायला हवं होतं, चूक माझी, आता आमच्या रिपोर्टवर एकक ठळक छापते. आणि रिपोर्टवर आकडा न देता नुसतं निगेटिव्ह लिहिलेलं असेल तर ती काचपट्टीवरची लेटेक्स टेस्ट असते, थेंबात गुठळ्या दिसल्या तर पॉझिटिव्ह, साधारण ६ च्या खाली ती काहीच दाखवत नाही. चढउतार बघायचा तर आकडा देणारी टेस्ट हवी. पॅकेजमध्ये हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी असतं ते हृदयविकाराचा अंदाज घ्यायला, प्रोटीन तेच असतं, कोलायटिससाठी त्याचे जास्तीचे पैसे घालायची गरज नाही.

ईएसआरबद्दल थोडक्यात. उभ्या बारीक नळीत रक्त भरून ठेवतात, तांबड्या पेशी खाली बसत जातात आणि वर पिवळं पाणी राहतं, एका तासात ते किती मिलिमीटर झालं तो तुमचा ईएसआर. सूज असली की फायब्रिनोजन वाढतं, पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि लवकर खाली बसतात. पण रक्त कमी असलं, वय वाढलं, दिवस गेले असले तरी ईएसआर वाढतोच, आणि आजार शांत झाल्यावर खाली यायला कित्येक आठवडे घेतो. सीआरपीचं तसं नाही, ते काही तासांत वाढायला लागतं आणि कारण थांबलं की साधारण १९ तासांत निम्मं होतं. म्हणून औषध लागू पडतंय का हे आठवडाभरात बघायचं असेल तर सीआरपी, अर्थात तुमचं बोलणारं असेल तर.

आता तुमच्या पोटाचं. तुमच्यासाठी रक्तापेक्षा शौचाची तपासणी जास्त कामाची, फीकल कॅलप्रोटेक्टिन. सूज असलेल्या अस्तरात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी घुसतात आणि त्यांच्यातलं हे प्रोटीन शौचात उतरतं, म्हणजे खबर थेट जागेवरून येते, यकृतामार्फत नाही. ५० च्या आत असेल तर छान. त्रास नसलेल्या माणसाचं १५० च्या आत असेल तर आतडं बहुतेक शांत आहे असं धरायला अमेरिकन गॅस्ट्रोएंटेरोलॉजिकल असोसिएशननं २०२३ च्या मार्गदर्शनात सांगितलंय. २५० च्या वर गेलं तर सूज नक्की आहे असं समजून चालायचं. तुमच्यासारखा त्रास असेल आणि आकडा चढलेला असेल तर पुष्कळदा डॉक्टर कोलोनोस्कोपीसाठी न थांबता औषध वाढवतात, म्हणजे तुमची घाटाची फेरी वाचू शकते. टेस्ट महाग आहे, सीआरपीच्या कितीतरी पट, आणि इथल्या बऱ्याच लॅब ती बाहेर पाठवतात, पण सॅम्पल दोन-तीन दिवस साध्या तापमानाला टिकतं त्यामुळे रात्रीच्या गाडीनं मुंबईला गेलं तरी बिघडत नाही. सकाळचं पहिलं शौच द्या, चमचाभर पुरतं, दर वेळी एकाच लॅबला द्या कारण किट बदललं की आकडा बदलतो, आणि त्याआधी दोन आठवडे आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या पेनकिलर घेतल्या असतील तर तसं सांगा, त्यांनीही आकडा चढतो, आजारही उचल खातो.

त्याच्या जोडीला शौचाची इन्फेक्शनची तपासणी करून घ्याच, अमिबा, कल्चर आणि सी. डिफिसिल नावाचा जंतू, कारण पावसात विहिरीचं पाणी गढूळ होतं आणि इन्फेक्शननं हुबेहूब असंच होतं, त्यावर स्टेरॉइड पडलं तर नुकसान. मूळव्याध तुम्हाला असूही शकते, दोन्ही एकत्र असतात, पण आव पडणं, धीर न धरवणं, रात्री झोपेतून उठून जावं लागणं हे सगळं सहसा मूळव्याधीनं होत नाही. आणि आतून बघायचीच वेळ आली तरी डाव्या बाजूच्या आजाराला दर वेळी पूर्ण कोलोनोस्कोपी लागत नाही, सिग्मॉइडोस्कोपी, म्हणजे फक्त खालच्या भागात दुर्बीण घालून बघणं, एनिमावर होते, दहा-पंधरा मिनिटांचं काम, विचारून बघा. फक्त आजाराला आठ वर्षं झाली की कॅन्सरवर लक्ष ठेवायला म्हणून जी कोलोनोस्कोपी करतात तिच्या जागी कुठलीही रक्ताची टेस्ट चालत नाही.

एक सोडून बाकी सगळं सावकाश केलं तरी चालेल. दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताचं शौच, आणि त्यासोबत नाडी ९० च्या वर, ताप ३७.८ सेल्सिअसच्या वर, हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली किंवा ईएसआर ३० च्या वर, यातलं एक जरी असेल तरी त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात भरती व्हायचं. ही खूण ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी १९५५ साली घालून दिली, आजही डॉक्टर तीच वापरतात. आणि गंमत बघा, एरवी मुकं असलेलं सीआरपी इथं बहुतेकांचं बोलायला लागतं, शिरेतून स्टेरॉइड देऊन तिसरा दिवस उजाडला तरी ते ४५ च्या वर असेल आणि शौचाच्या खेपा थांबत नसतील तर डॉक्टर पुढच्या औषधाचं किंवा ऑपरेशनचं बोलणं सुरू करतात. तेव्हा घाबरायचं नाही, उशीर होऊ नये म्हणूनच ते आधी सांगतात.

प्रश्न : मी लोटे एमआयडीसीत कामाला आहे, वय २७. स्टेरॉइड बंद करून अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती आवरणारी गोळी) सुरू केलंय, आता अडीच महिने झाले. स्टेरॉइड चालू असताना पांढऱ्या पेशी १२,४०० होत्या, आता ३,७०० आल्यात. मित्र म्हणतो प्रतिकारशक्ती संपली. पोट मात्र छान आहे. दर थोड्या दिवसांनी रक्त द्यायचा कंटाळा आलाय, गणपतीपर्यंत थांबलं तर चालेल का?
— खेड तालुका

उत्तर : नाही चालणार, आणि कंटाळा आलाय हे मला पूर्ण समजतं तरी नाही म्हणतेय. ते १२,४०० आजारामुळेच होते असं नाही, स्टेरॉइडनं शिरांच्या भिंतींना चिकटून बसलेल्या पांढऱ्या पेशी प्रवाहात येतात आणि आकडा फुगतो, त्यामुळे तुलना त्याच्याशी करू नकोस. अझाथायोप्रिननं तो थोडा उतरणारच, पण ३,७०० म्हणजे ४,००० च्या खाली आलाय, तेव्हा रिपोर्ट आजच डॉक्टरांना पाठव आणि ते म्हणतील तेव्हा, बहुधा एक-दोन आठवड्यांत, परत तपास. नुसती एकूण संख्या नको बघूस, न्यूट्रोफिल किती ते बघ, १,५०० च्या खाली गेले तर गोळी कमी करायची किंवा थांबवायची वेळ येते. सुरुवातीला आठवड्या-पंधरवड्यानं आणि नंतर दर तीन महिन्यांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि लिव्हरचे एन्झाइम, हे गोळी चालू असेपर्यंत. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबला दोन-तीन मिली रक्त लागतं, त्यानं अशक्तपणा येत नाही.

आपल्या आशियाई लोकांत एनयूडीटी१५ नावाच्या जीनमधला फरक बऱ्यापैकी आढळतो, तो असेल तर नेहमीच्या डोसनंही पेशी धाडकन पडतात. ती तपासणी आयुष्यात एकदाच करायची, झाली नसेल तर विचार. सुरुवातीच्या आठवड्यांत केस पुंजक्यानं गळायला लागले, ताप आला, घसा दुखायला लागला तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी सीबीसी. आणि गाउटसाठी कुणी अलोप्युरिनॉल किंवा फेब्युक्सोस्टॅट लिहून दिलं तर आधी अझाथायोप्रिन चालू आहे हे सांग, दोन्ही एकत्र फार धोक्याचं.

प्रश्न : माझा वय ६१, शेती आसा. कोलायटिस दहा वर्षां, आता पाच वर्षां काय्येक त्रास नाय. गेल्या आषाढात लावणी संपल्यावर ताप इलो, अंग मोडून गेलां, लॅबवाल्यान सीआरपी ९६ काढल्यान. पोरां घाबरली, कोलायटिस फुटलो म्हणान गाडी करून माका व्हरली. थय लेप्टो निघालो. मगे ह्या सीआरपीचो उपयोग काय? आणि बरा आसय तर तपासूचा कित्याक?
— कुडाळ तालुका

उत्तर : काका, पोरांनी नेलं ते उत्तम केलं, लेप्टोत, म्हणजे चिखलपाण्यातून येणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या तापात, दोन दिवसांचा उशीरही महागात पडतो. सीआरपीला आतडं, फुप्फुस, शेत असं काही कळत नाही. १९३० साली टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते सापडलं तेच न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात, न्यूमोकॉकस जंतूच्या सी नावाच्या घटकाशी त्याची प्रतिक्रिया होते म्हणून नावात सी. त्यामुळे पावसाळ्यात आपल्या भागात ताप आणि सीआरपी एकत्र दिसले की पहिलं नाव लेप्टो, मलेरिया, डेंग्यूचं घ्यायचं, विशेष करून जो उघड्या पायांनी चिखलात उतरलाय त्याच्यात. एक खूण सांगते, सीबीसीमध्ये प्लेटलेट बघा. कोलायटिस भडकतो तेव्हा प्लेटलेट सहसा वाढतात, चार-साडेचार लाखाच्या वर जातात, लेप्टो आणि डेंग्यूत त्या उतरतात. लेप्टोत बऱ्याचदा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचा आकडा) आणि बिलिरुबिनही (काविळीचा आकडा) चढतं, डोळे लाल होतात, पोटऱ्या धरतात. तुमचं शौच त्या तापात रोजच्यासारखं होतं ना? ताप भरपूर, सीआरपी ९६, आणि पोट गप्प, तर दुसरीकडं शोधायचं.

बरा आसय तर कित्याक, तर काका, शांत आजारात रक्त हळूहळू झिरपत असलं तर माणसाला कळत नाही, हिमोग्लोबिन १४ वरून ११ ला यायला वर्ष लागतं आणि माणूस म्हणतो वय झालं, चढण चढवत नाही. सहा महिने ते वर्षातून एकदा सीबीसी, सीआरपी, कॅलप्रोटेक्टिन, आणि तुम्ही मेसालामाइन घेत असाल तर क्रिएटिनिन, कारण त्या गोळीनं क्वचित मूत्रपिंडाला त्रास होतो तो लक्षणांवरून कळत नाही. लिव्हरच्या तपासणीत अल्कलाइन फॉस्फेटेजही बघायला सांगा, कोलायटिसवाल्या काही जणांत पित्तनलिका आक्रसत जातात तेव्हा आधी तो आकडा चढतो. आणि दहा वर्षं झालीयत म्हणजे वरच्या ताईंना सांगितलेली कोलोनोस्कोपी तुमची राहिली असेल तर ती करून घ्या काका, लावणीच्या आधी किंवा दिवाळीनंतर, पण यंदाच.

प्रश्न : मुलगी रत्नागिरीला कॉलेजात आहे, १९ वर्षांची. कोलायटिस पुरता आटोक्यात नाही, सीआरपी २२, हिमोग्लोबिन ९.१. फेरिटिन ६२ आलं, रिपोर्टप्रमाणे नॉर्मल, म्हणून लोह कमी नाही असं सांगितलं. मी नाचणीचं सत्त्व, खजूर, बीट सगळं देतेय. तरी पोरगी जिना चढली की धापा टाकते.
— एक आई, राजापूर

उत्तर : ताई, तिला लोह कमी असण्याची दाट शक्यता आहे. फेरिटिन म्हणजे लोहाची कोठी, पण सूज असली की तेही सीआरपीसारखंच वाढतं, म्हणजे कोठी रिकामी असून भरलेली दिसते. सूज नसलेल्या माणसात ३० च्या खाली कमी समजतात, पण सीआरपी चढलेलं असताना १०० पर्यंतचं फेरिटिनसुद्धा लोहाची कमतरता असू शकते, असं युरोपातल्या क्रोन्स-कोलायटिसच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट आहे. ट्रान्सफेरिन सॅचुरेशन (रक्तात लोह वाहणाऱ्या प्रोटीनवर किती लोह आहे ते) करून घ्या, २० टक्क्यांच्या खाली आलं तर शंका मिटली.

नाचणी, खजूर द्या, पण त्यावर थांबू नका. ज्या इंटरल्युकिन-६ नं सीआरपी वाढतं त्यानंच यकृत हेप्सिडिन सोडतं आणि ते आतड्यातून लोह आत यायचं दारच लावून घेतं, मग कितीही चांगलं खाल्लं तरी अंगी लागत नाही. हिमोग्लोबिन १० च्या खाली आणि आजार चालू, अशा वेळी लोह शिरेतून सलाइनवाटे देतात, ते चांगल्या हॉस्पिटलात अर्ध्या दिवसात होतं, त्याबद्दल तिच्या डॉक्टरांशी स्वतः बोला. गोळ्या दिल्याच तर शौच काळं होईल, ते रक्त समजून घाबरू नका. आणि तिला अल्ब्युमिनही करायला सांगा, ते ३.५ च्या खाली असेल तर आजार दिसतो त्यापेक्षा जास्त आहे. पोरी हॉस्टेलवर किती वेळा जावं लागतं ते लाजेनं सांगत नाहीत, तुम्ही विचारा, आई म्हणून सरळ विचारा.

प्रश्न : पी-एएनसीए पॉझिटिव्ह होतं, ते दर सहा महिन्यांनी करतोय. आणि या सगळ्या टेस्टना उपाशी यावं लागतं का?
— गुहागर

उत्तर : पी-एएनसीए (रक्तातली एक अँटिबॉडी) बंद करा, ते आजाराबरोबर वरखाली होत नाही, एकदा पॉझिटिव्ह आलं की वर्षानुवर्षं तसंच राहू शकतं. निदानाच्या वेळी थोडी मदत होते, पुढं नाही, ते पैसे कॅलप्रोटेक्टिनला लावा. उपाशी यायची गरज सीबीसी, सीआरपी, अल्ब्युमिन कशालाच नाही, पेज घेऊन आलात तरी चालेल. फक्त लोहाची तपासणी असेल तर सकाळी न खाता या, आणि आदल्या दिवशी लोहाची गोळी घेऊ नका.